फुलीची खूण

एलेउतेरिओ मान्सिल्याच्या डाव्या पायाचं दुखणं
आधी त्याच्या बायकोला कळलं.
रोसेन्दा नवा विणलेला मोजा चढवून बघत होती;
उजवं पाऊल तव्यावरून उतरवल्यासारखं ऊबदार,
आणि डावं?
"हे तुझं नव्हेच," म्हणाली.
तीन बोटं निळी.
तो म्हणाला, थंडी आहे.
पुंता अरेनासमध्ये थंडीच्या नावावर काहीही खपतं.

चित्रात दिसली ती.
महाधमनीच्या उतारावर, छातीच्या आतल्या अंगाला,
भिंतीला एका बाजूने चिकटलेली गुठळी,
आणि तिचं सुटं शेपूट
दर ठोक्यासरशी हलणारं,
ओढ्यातल्या शेवाळासारखं.
त्याचेच दोन-चार कण वाहत वाहत
बोटांपाशी येऊन अडले होते.
पुढचा कण कुठे जाईल
ते त्या शेपटालाही ठाऊक नव्हतं.

मी नवखी होते तेव्हा
फासळ्या फाकवायचं लोखंड पहिलं मांडायचो.
त्याचं वजन मनगटाला अजून आठवतं.
आता जांघेत एक भोक, बोरूच्या टोकाएवढं,
आणि त्यातून आत जाणारी तार.
डॉक्टर इव्का दामियानोविच पडद्यावर नजर रोवून
तार पुढे सारते, थांबते, पुन्हा सारते.
मागचं टोक माझ्या हातात,
ओल्या फडक्यात.

इथे वारा सुटला की चौकात दोर बांधतात,
माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात.
तार देताना मला तो दोर आठवतो,
फक्त इथे सगळं उलटं:
दोरानेच जायचं पलीकडे,
आणि वाटेत जी उभी आहे
तिला धक्काही लावायचा नाही.

"हलू नका," मी म्हटलं.
तो जागाच होता, जीभ जरा जड.
"मेंढीला असं सांगता येत नाही," म्हणाला,
"चाळीस वर्षं कातरल्या.
तिला गुडघ्यांत अशी धरायची
की हलावंसं वाटूच नये.
मग लोकर अख्खी उतरते, एका अंगरख्यासारखी,
आणि कातडीवर..."
पुढचं बोलला नाही.
डॉक्टर पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,
"तशीच धरलीय."

औषध आत गेलं, ऊन ऊन, कमरेखाली पसरत.
तो माझ्याकडे वळून हळूच कुजबुजला,
"झाली वाटतं."
नाही झाली, मी म्हटलं, सगळ्यांनाच तसं वाटतं.
श्वास धरा.

या गावात छत्री कोणी घेत नाही,
पहिल्याच कोपऱ्यावर वारा तिची उलटी वाटी करतो.
रक्तदाब खाली आणला, वारा पडू दिला,
आणि मिटून नेलेली जाळी,
कापड मढवलेली,
काडीकाडीने उघडली
आणि उलटली नाही.

गुठळी आम्ही बाहेर काढली नाही.
लोकांना वाटतं, ओढून काढतात.
कापडामागे भिंतीत चिणली तिला, शेपटासकट.
हलणारं थांबलं.
खोलीत कोणीतरी शिशाच्या झग्याचे बंद सोडले;
तेवढाच आवाज.

सकाळी पावलावर यंत्र टेकवून नाडी शोधली.
आधी नुसती खरखर.
मग दूरवर कोणी पाण्यातून घोडा घालावा तसा
आवाज.
त्या जागी पेनाने फुली मारली मी,
चुकलेल्या गणितावर मारतात तशी.

एलेउतेरिओ मात्र खट्टू.
पांघरूण उचलून त्याने जांघेतली पट्टी पाहिली,
मग छाती चाचपली, इकडून तिकडून.
"एवढंच? मित्रांना दाखवू काय?"
फुली दाखवा, मी म्हटलं.
त्याने अंगठा ओला करून पुसून बघितली, गेली नाही,
मग जपून पाय बाजूला ठेवला.

रोसेन्दाने पिशवीतून मोजा काढला.
गार पायाच्या मापाचा.
आता रक्त उतरलेलं, पाऊल फुगलेलं,
मोजा घोट्यापाशीच अडला.
ती काही बोलली नाही.
खाटेच्या कडेवर टेकून, दातांनी गाठ तोडून,
तिथेच
उसवायला बसली.